मुलीने मागे वळून पाहिले

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की पोस्टबाई पलंगावर भिंतीकडून आडव्या व्हायच्या, पियानोवाले दाराकडून, आणि दोघांच्या मधे, स्वतःच्या वेगळ्या उशीवर, बडबड्या. बडबड्या म्हणजे त्यांचं पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र. तळहातावर मावेल एवढं, गुळगुळीत अंगाचं, वर बोटांना नीट लागतील अशी उठावाची बटणं आणि एका कडेला कार्ड सरकवायची फट. ग्रंथालयातून कार्डावर पुस्तक भरून आणायचं, फटीत सरकवायचं, मधलं गोल बटण दाबायचं, की स्वारी सुरू. थकणं नाही, खाकरणं नाही, घोटभर पाणीसुद्धा मागणं नाही.

दोघंही आंधळी. लगेच च् च् करायला नको. पियानोवाले जन्मापासूनचे, त्यामुळे आपल्याकडे काय नाही याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि गावातल्या निम्म्या पियानोंचे सूर त्यांच्या कानांच्या जिवावर जागेवर राहिले होते. बाई मात्र चांगल्या डोळस होत्या. पोस्टाच्या खिडकीवर बसून तिकिटं विकायच्या, पार्सलं तोलायच्या, रांगेत घुसणाऱ्याला नुसत्या नजरेनं मागे पाठवायच्या. अशी धडधाकट मुलगी आंधळ्याशी लग्न करते म्हणून नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. मग मुलगी सात वर्षांची होईपर्यंत बाईंच्या डोळ्यांनीही हळूहळू दुकान आवरतं घेतलं. तेव्हा पियानोवाले एवढंच म्हणाले होते, "चला, आता चिऊच्या खोलीपुरता एक दिवा ठेवू." बाई त्यावर चिडून कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे तेच वाक्य आठवून त्या हसायच्या.

चिऊ म्हणजे ती मुलगी. आता चांगली मोठी बाई झाली होती, दूरच्या शहरात पुलांचे आराखडे करायची आणि दर रविवारी न चुकता फोन करायची. घरात मात्र ती अजून चिऊच होती.

तर दुपारचं सांगत होतो. बडबड्या सुरू झाला की पान-दोन पानांत बाईंचा डोळा लागायचा. पियानोवाले टक्क जागे. ते ऐकत राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी बडबड्या त्यांच्या थांबलेल्या जागेपासून पुढे निघायचा, कारण बिचाऱ्याला लक्षात ठेवायला जागा एकच. म्हणजे बाईंचं मधलं सगळं बुडालं. म्हणून चहाच्या वेळी देवाणघेवाण व्हायची. पुस्तकात काय झालं ते पियानोवाले सांगायचे, आणि आपण काय पाहिलं ते बाई सांगायच्या.

हो, पाहिलं. झोपेत बाईंना दिसायचं. एकीकडे कानात पुस्तक झिरपत राहायचं आणि दुसरीकडे मिटल्या डोळ्यांच्या आत त्याचा खेळ लागायचा, रंगांसकट, सावल्यांसकट, पाण्यावरच्या उन्हासकट. पण माणसांना चेहरे लागतात, आणि बाईंकडे नवे चेहरे येणार कुठून? जे काही होते ते पोस्टाच्या खिडकीतून पाहिलेले. त्यामुळे समुद्रावरच्या कादंबरीत जहाजाचा कप्तान म्हणून उभे राहायचे ते पोस्टमास्तर, टकलासकट. महाराणी कोण, तर रोज येऊन फुकटचा डिंक मागणारी ती लठ्ठ बाई. विष घालणारा डॉक्टर म्हणजे शाळेतले गणिताचे सर, आणि तो त्यांना शोभायचाही. लहानशा नाटक कंपनीत तोच राजा नि तोच हमाल असतो ना, तसला प्रकार होता.

पियानोवाले हे ऐकताना चहाचं पार पाणी करून टाकायचे. "मग? डिंकवाली रडली का? रडताना कशी दिसते ती?"

"कशी दिसणार! गाल थरथरले, नाक लाल झालं. पण मुकुट काही ढळू दिला नाही तिनं."

"वा! वा!" ज्यांना लाल कधी कळलं नाही ते पियानोवाले मांडीवर थाप मारायचे.

भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, ते म्हणजे वेग. बडबड्याच्या कडेला वेग कमी-जास्त करायचं बटण होतं. पियानोवाल्यांना पुस्तक दुप्पट वेगानं लागायचं, जन्मभर कानांनीच वाचणाऱ्यांना लागतं तसं. तुम्हाआम्हाला ती नुसती माश्यांची गुणगुण वाटेल. बाई झोपल्या की ते हळूच बटण दाबायचे, आणि तिकडे झोपेत अनर्थ व्हायचा. महाराणी जिन्यावरून धडाधड उतरायची, कप्तान वाडगाभर सूप एका घोटात संपवायचा, आणि प्रेमी जीव एकमेकांकडे बघायच्या आत लग्न करून मोकळे व्हायचे.

"पुन्हा वेग वाढवलात ना?" बाई उठल्या उठल्या विचारायच्या.

"मी? छे!" पियानोवाले म्हणायचे, आणि त्यांच्या खोटं बोलण्यात काही दम नसायचा.

असं सगळं छान चाललं होतं. मग कधीतरी झोपेतल्या त्या नाटक कंपनीतली माणसं कमी व्हायला लागली.

आधी गणिताचे सर गेले. पुस्तकात एक मारेकरी होता, सरांना शोभणारीच भूमिका, पण त्या दुपारी मारेकरी आला तो पाठमोरा. बाईंनी मनावर घेतलं नाही. मग महाराणीचा चेहरा ओल्या बोटानं पुसल्यासारखा आला. मग एका दुपारी तर नुसतेच आवाज, पावलं, भिजलेल्या दोराचा वास, आणि बघायला काही नाही. बाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना एक जुनं बोलणं आठवलं. डोळे गेल्यानंतर ज्या वर्गात त्या पांढरी काठी धरायला शिकल्या, तिथल्या म्हाताऱ्या शिक्षिकेनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की स्वप्नातलं दिसणंही जातं बाई, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. बाईंनी ते तेव्हा झटकून टाकलं होतं. आपलं नाही जाणार, असं प्रत्येकालाच वाटतं.

चहाच्या वेळी त्या पहिल्यांदाच नवऱ्याशी खोटं बोलल्या. "कप्तानाचा कोट निळा होता," त्यांनी सांगितलं. पियानोवाल्यांनी खूश होऊन बिस्किट बुडवलं. बाईंनी कप तसाच खाली ठेवला.

कप्तान गेला, महाराणी गेली, याचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. डिंकवालीला काय, तिनं उभ्या जन्मात दिला तेवढा ताप पुरे होता. पण इतक्या वर्षांत, इतक्या पुस्तकांत, एक चेहरा कधीच आला नव्हता, आणि बाई मनातल्या मनात त्याचीच वाट बघत होत्या. चिऊचा. जागेपणी आठवायला जावं तर हाती तुकडे लागायचे. पडलेला दात, गुडघ्यावरची खपली, रिबिनीची एक सुटलेली शेंडी. पण सगळं मिळून चिऊ म्हणून समोर उभं राहायचं नाही. रोज बघितलेला चेहरा तो, आणि रोजचा चेहरा कोण निरखून बघतो? जेव लवकर, दप्तर भर, नाक पूस, यातच सकाळ संपायची. आणि डोळे जायला लागले तेव्हा नेमकं मधलं आधी गेलं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं, कडा तेवढ्या उरायच्या. शेवटची दोन वर्षं बाईंनी लेकीचे कान, कोपर आणि बुटांच्या टाचा पाहिल्या, चेहरा नाही. हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

आता कंपनी बंद पडायच्या आत एकदा, फक्त एकदा, चिऊनं समोर यावं. मग सगळे दिवे गेले तरी चालतील, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. आणि बाईंनी ठरवलं की संपलंच.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात जाऊन उभ्या राहिल्या. तिथला ग्रंथपाल भला माणूस, पण आंधळ्यांना ऐकूही कमी येतं अशी त्याची पक्की समजूत होती.

"बाई!" तो ओरडला. "नवीन खून आलेत! एक तर असा भारी आहे..."

"खून नको. मुलगी हवी."

"म्हणजे?"

"पुस्तकात मुलगी हवी. लहान, पाच-सहा वर्षांची."

"गोष्ट कशाबद्दल हवी पण?"

"कशाबद्दल का असेना. पहिल्या प्रकरणापासून मुलगी हवी, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायला हवी. मेली तर पुस्तक परत आणून तुमच्या टेबलावर आपटीन."

ग्रंथपालानं डोकं खाजवल्याचा आवाज बाईंना ऐकू आला. मग त्यानं मुकाट्यानं कार्ड घेतलं आणि त्यावर मुलीच मुली भरून दिल्या. सर्कशीतली मुलगी, बेकरीवाल्याची मुलगी, अस्वलाशी मैत्री करणारी मुलगी, बोलक्या सशाच्या मागे लागून हरवणारी मुलगी.

घरी पियानोवाल्यांच्या नाकी नऊ आले. "पुन्हा ससा?" ते कळवळून म्हणायचे. "अगं, काल तर बुडणाऱ्या जहाजावर होतो आपण. वल्ही तुटली होती. आणि आज हा ससा छत्री घेऊन आलाय!"

"ऐका मुकाट्यानं. संस्कार होतील."

"या वयात?"

मुली आल्या, नाही असं नाही. पण सर्कशीतली आली ती शेजारणीच्या भाचीचा चेहरा लावून. बेकरीवाल्याच्या मुलीला चेहराच नव्हता, पिठाचा एक ढग होता नुसता. अस्वल तेवढं हुबेहूब दिसलं. बाई उठायच्या त्या हिरमुसल्या होऊन, आणि चहाला काहीतरी रंगवून सांगायच्या. आता रोजच रंगवावं लागत होतं.

मग ते दीपगृहाचं पुस्तक आलं. समुद्रात एका खडकावर दीपगृह, तिथला पहारेकरी, आणि त्याची छोटी मुलगी. संध्याकाळ झाली की ती हातात तेलाचं भांडं घेऊन गोल गोल जिन्यानं दिव्यापर्यंत जायची. पुस्तकात फारसं काही घडत नव्हतं. पियानोवाल्यांनी पहिल्याच प्रकरणात दोन जांभया दिल्या. बाई मात्र तिसऱ्या पानालाच त्या जिन्यावर होत्या.

भिंती ओलसर होत्या. वरून पिवळा उजेड पायरी पायरी उतरत होता, तो इतका स्वच्छ की बाईंना रडूच आलं, कारण असा उजेड त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आणि त्यांच्या पुढे, सात-आठ पायऱ्या वर, एक मुलगी चालली होती. काखेत उसवलेला हिरवा फ्रॉक. बाईंनी स्वतः तो कितीदा शिवला होता आणि चिऊनं कितीदा उसवला होता. मानेवर घामानं चिकटलेले केस. ती मान! बाईंनी ती ओळखली. "चिऊ," असं त्यांनी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून, सगळीकडून, बडबड्याचा आवाज म्हणाला, "मुलीने मागे वळून पाहिले."

आणि मुलगी भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली. सगळं फरफटून गेलं. फ्रॉक, केस, उजेड, सगळ्याची एक हिरवी-पिवळी रेघ झाली, आणि ती धाडधाड पायऱ्या चढत दिसेनाशी झाली.

बाई उठून बसल्या. बडबड्या माशीसारखा भुणभुणत होता.

"वेग वाढवलात!" त्या अशा ओरडल्या की पियानोवाले पलंगावरून पडता पडता वाचले. "ती आली होती! वळत होती! आणि तुम्ही पळवलंत तिला!"

"अगं, कुणाला?"

"चिऊला!" आणि बाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या. रडता रडता त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंपनी बंद पडत आल्याचं, निळा कोट खोटा असल्याचं, आणि शेवटची दोन वर्षं लेकीचा चेहरा दिसतच नसल्याचं. पियानोवाले ऐकत होते. त्यांनी चाचपडून बडबड्या बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"मला एक सांग," ते म्हणाले. "चेहरा म्हणजे नक्की काय असतं गं? नाक, डोळे, हनुवटी हे मला माहीत आहे. चिऊचं नाक मी शंभरदा पुसलंय. पण त्या सगळ्याचं मिळून तुम्ही लोक जे म्हणता ना, ते मला कधी उमगलं नाही."

बाईंनी नाक शिंकरलं. "पियानोची एकेक पट्टी वेगवेगळी दाबली, तर त्याचं गाणं होतं का?"

"नाही."

"तसंच. माझ्याकडे पट्ट्या आहेत, गाणं नाही."

पियानोवाल्यांचा आवाज भरून आला. "एवढं गाणं हरवलंय तुझं, आणि इतके दिवस मला एकटीनं निळे कोट सांगत बसलीस? मी काय परका आहे?"

त्या दिवसापासून त्यांनी सूत्रं आपल्या हातात घेतली. पियानो लावणाऱ्याचा हात तो. एक तार धरली की ती जागेवर येईपर्यंत सोडायची नाही, हेच त्यानं आयुष्यभर केलेलं. बडबड्यावर चार बाण असतात. वरचे-खालचे बाण दाबून ठरवायचं की उडी प्रकरणाची मारायची, पानाची की वाक्याची, आणि डावा-उजवा दाबून मागेपुढे जायचं. पियानोवाल्यांनी उडी वाक्यावर आणली. मग ते एक वाक्य शोधून काढलं आणि तिथे बोट रोवून बसले.

"तू झोप," ते म्हणाले. "तिला वळवायचं काम माझं."

आणि तसंच सुरू झालं. बाईंचा श्वास संथ झाला की पियानोवाले बटण दाबायचे. मुलीने मागे वळून पाहिले. डावा बाण. मुलीने मागे वळून पाहिले. पुन्हा डावा बाण. तिकडे जिन्यावर मुलगी वळायला लागायची, अर्ध्यातच पुन्हा पाठमोरी व्हायची, पुन्हा वळायला लागायची, लाट वाळूवर येते-जाते तशी. बाई खाली उभ्या राहून बघायच्या. घाई करायच्या नाहीत. स्वप्नात पाय पुढे टाकला की पायरी मऊ पडायची, हे त्यांना कळलं होतं.

"आज?" चहाच्या वेळी पियानोवाले श्वास रोखून विचारायचे.

"कान दिसला."

"कान! उत्तम. मला वाटतं वेग अजून खाली हवा. ताण जास्त होतोय."

वेग खाली खाली आणत त्यांनी तळाला नेला. दुप्पट वेगाचा भक्त तो माणूस, पण दुपारभर शब्द पाकासारखे ओघळताना ऐकत बसायचा, आणि एकदाही कुरकुरला नाही. मग गाल दिसला, दिव्याच्या बाजूचा, सोनेरी लव असलेला. एकदा पापणी दिसली. पण त्याच वेळी बाकीचं विझत चाललं होतं. आधी समुद्र गेला. मग ओलसर भिंती गेल्या. मग खालच्या पायऱ्या गेल्या, आणि बाई कशावर उभ्या आहेत ते त्यांनाच दिसेना. वरचा उजेड रोज थोडा मंद व्हायचा. बाईंना भीती वाटायची की मुलगी वळेल आणि तेवढ्यात तेल संपेल.

अशात चिऊचा फोन आला की जवळच्या गावी पुलाचं काम निघालंय, येते चार दिवस राहायला.

"तिच्यासमोर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही," बाईंनी नवऱ्याला बजावलं. "आईला आपला चेहरा आठवत नाही, हे ऐकून कुठल्या लेकीला बरं वाटेल?"

"माझ्या तोंडाला कुलूप," पियानोवाले म्हणाले. बाईंना त्या कुलपाची किंमत माहीत होती, पण इलाज नव्हता.

चिऊ आली. घर तिच्या पावलांनी, हसण्यानं, दारं आपटण्यानं भरून गेलं. जेवताना तिनं पुलाच्या खांबांची, साहेबाची आणि साहेबाच्या विगाची गोष्ट सांगितली. बाईंनी तिला पोटभर ऐकलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, केस चाचपले, गालावरून बोटं फिरवली. बोटांना सगळं कळत होतं, आणि तरी आत काही उमटत नव्हतं. वरवर हसत असताना त्यांचा जीव तुटत होता.

दुपारी चिऊ म्हणाली, "तुम्ही पडा. मी इथेच बसते खिडकीशी, माझे कागद घेऊन." खुर्ची सरकली, कागद सळसळले. बडबड्या उशीवर आला. आज नको असं बाईंना वाटलं होतं, पण रोज काहीतरी विझत होतं, आणि एक दुपार वाया घालवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. आवाज संथ, जाड, लांबून यायला लागला.

जिना आता उरलाच नव्हता. नुसता काळोख होता आणि त्यात उंचावर एक मिणमिणता गोळा. त्या गोळ्याखाली मुलगी उभी होती, पाठमोरी, हिरव्या फ्रॉकमध्ये. मुलीने मागे वळून पाहिले, असं कुणीतरी म्हणालं. ती वळली नाही. मुलीने मागे वळून पाहिले. तिनं भांडं या हातातून त्या हातात घेतलं, बस. उजेड लुकलुकला. बाई जिवाच्या आकांतानं वर बघत राहिल्या. वळ गं. माझी सोनुली ना तू? एकदा वळ.

मग काळोखाच्या पलीकडून, किनाऱ्यावरून यावेत तसे दोन आवाज आले.

"बाबा, मघापासून एकच वाक्य काय लावलंय?"

"श्श. तुझी आई तुला शोधायला गेलीय."

"मला? मी तर इथेच आहे की."

त्या आवाजाला मुलगी वळली. सावकाश, पूर्ण वळली, आणि दिव्याचा सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला.

बाई उठल्या त्या हुंदका देतच. "संपलं हो," त्यांनी नवऱ्याचा हात शोधत म्हटलं. "कंपनीतले नट संपले. शेवटी मलाच उभं केलं."

"म्हणजे?"

"वळली. नीट वळली, अगदी समोर. आणि चेहरा माझा! रोज केस विंचरताना आरशात दिसायचा तोच. इतके दिवस मर मर मेले आणि काय बघितलं, तर स्वतःलाच!"

खुर्ची वाजली. तेव्हा कुठे बाईंना आठवलं की खोलीत चिऊ आहे. त्यांनी पटकन पदर डोळ्यांना लावला.

"आई," चिऊ पलंगापाशी आली होती. तिचा आवाज काही ठीक नव्हता. "बाबांनी सांगितलं मला आत्ता, तू झोपेत होतीस तेव्हा. रागावू नकोस त्यांना. मला सांग, कशी होती ती?"

"कशी म्हणजे? मी होते तशी. जाऊ दे ना."

"सांग ना. मला हवंय."

बाईंनी उसासा टाकला. "भुवया मधे जुळायला आलेल्या. वरचा ओठ किंचित आखूड. एका गालाला खळी, दुसऱ्याला नाही. आणि कपाळात ती उभी आठी, पार्सलाचं वजन बघताना पडायची ती. डोळे जायच्या आधी मी होते, अगदी तशी."

बडबड्या अजून चालूच होता. पियानोवाल्यांनी तो बंद केला.

"मला ती आठी आराखडे बघताना पडते," चिऊ म्हणाली.

"काय?"

"आई, गेल्या वर्षी मावशीकडे गेले होते ना मी? तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खालीच बसली. मला 'ताई' म्हणून हाक मारली तिनं. सगळे हेच म्हणतात मला. तुझे फोटो बघून माझ्या ऑफिसातले लोक विचारतात, हा तुझाच ना, जुना?"

"पण तू तर बाबांवर गेली होतीस! सगळं पोस्ट ऑफिस म्हणायचं."

"लहानपणी. मग बदलत गेले. भुवया, ओठ, ही एका बाजूची खळी, सगळं तुझं. आणि आता तर वयही तुझं तेव्हाचंच."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?" बाईंचा आवाज चढला. "एवढ्या वर्षांत एकाही मेल्याला वाटलं नाही?"

"तुझ्यासमोर दिसण्याबिसण्याबद्दल कोण बोलतं गं? मीसुद्धा नाही. वाटायचं, उगाच कशाला जखमेवर मीठ."

"आवाज मात्र माझ्यावर गेलाय तिचा," पियानोवाले घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"गप्प बसा. दोघंही गप्प बसा, हलू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. दिव्याखालचा तो चेहरा अजून गेला नव्हता. त्यांनी भुवया पाहिल्या, ओठ पाहिला, आठी पाहिली. कुठलीही घाई न करता, दप्तर नाही, नाक पुसणं नाही, त्या लेकीला बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढी मोठी झालीस गं तू!"